बीएमपीचा ट्रॅक पुन्हा पुन्हा का उतरतो? ट्रॅक्टरवर बसलेला हात, काळी माती आणि क्रूची तालीम

बीएमपी, म्हणजे पायदळाच्या जवानांना नेणारी, पोलादी ट्रॅकवर चालणारी चिलखती गाडी, वर्कशॉपमधून येते. ट्रॅक ताणून दिलेला, आयडलर (ट्रॅकला ताण देणारं मागचं चाक) तपासलेला, रोडव्हीलचे (ट्रॅकवरून धावणाऱ्या खालच्या चाकांचे) बोल्ट आवळलेले. आणि पुढच्याच सरावात, साध्या वळणावर, त्याच बाजूचा ट्रॅक पुन्हा उतरतो. ड्रायव्हर म्हणतो ताण नीट दिला नव्हता, मेकॅनिक म्हणतो ड्रायव्हरचा हात जड आहे, कमांडर दोघांवर चिडतो. बहुतेक वेळा तिघांचंही थोडंथोडं खरं असतं, म्हणूनच नुसता ट्रॅक बदलून दुखणं जात नाही.

हे मुख्यतः जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलांसाठी आहे. अहिल्यानगरच्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री सेंटरला किंवा कामठीच्या गार्ड्स सेंटरला जी गेली आहेत किंवा जाण्याची तयारी करत आहेत, ती. आणि गावोगावी भरतीची तयारी करून घेणाऱ्या माजी सैनिकांसाठीही. आपल्याकडच्या मुलांचा एक मोठा फायदा असतो: मिसरूड फुटायच्या आत त्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला असतो. त्यातल्या निम्म्या सवयी बीएमपीत सोनं ठरतात. उरलेल्या निम्म्या ट्रॅक उतरवतात.

आधी गाडीचा हिशोब

आपल्या लष्कराची बीएमपी-2, म्हणजे मेदकच्या कारखान्यात 1987 पासून बनत आलेली ‘सारथ’, साधारण 14 टनांची आहे. इंजिन 300 अश्वशक्तीचं, पुढे उजव्या अंगाला. ड्रायव्हर पुढे डावीकडे, गनर आणि कमांडर टरेटमध्ये (तोफेच्या फिरत्या घुमटात) शेजारी शेजारी, आणि शिवाय 7 जवान. प्रत्येक बाजूला 6 रोडव्हील, वरचा ट्रॅक उचलून धरणारे 3 लहान रोलर, मागे आयडलर. ट्रॅकला ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, मात्र पुढे आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून समजतं.

स्प्रॉकेट पुढे असल्यामुळे गाडी पुढे जाताना वरचा ट्रॅक ताणलेला राहतो. स्प्रॉकेट त्याला मागून पुढे ओढतं आणि आयडलरपर्यंत ताण पोचतो. ट्रॅकचे मधले दात रोडव्हीलच्या दोन चकत्यांच्या खाचेत नीट बसून धावतात. ब्रेक लागला की हिशोब उलटतो. आता स्प्रॉकेट ट्रॅकला अडवतं, ताण पुढच्या तिरक्या भागात जातो आणि वरचा भाग सैल पडून लोंबतो. रिव्हर्समध्येही तेच: वरचा ट्रॅक सैल आणि ती सगळी ढील आयडलरच्या तोंडाशी गोळा होते. अशा वेळी कुणी हँडल एकदम वळवलं, की दात खाचेतून वर येऊन चकतीच्या कडेवर चढतो. तिथून पुढे दोन मीटर पुरतात.

म्हणून ट्रॅक उतरल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न ‘ताण किती होता?’ हा नाही. वळताना ब्रेक होता का, आणि गिअर पुढचा होता की रिव्हर्स, हे आधी विचारायचं.

ट्रॅक्टरची सवय कुठे नडते

ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात. तासाच्या टोकाला पोचलं की एका बाजूचा ब्रेक दाबून, स्टेअरिंग पूर्ण कापून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवायचा, हे अंगवळणी पडलेलं असतं. तिथे ते बरोबरच आहे. बीएमपीत दांड्यासारखं हँडल आहे. थोडं वळवलं तर त्या बाजूचा ट्रॅक नुसता मंदावतो आणि गाडी मोठ्या घेरात वळते. पूर्ण वळवलं तर तो ट्रॅक ब्रेकवर जातो आणि गाडी त्याच्याभोवती गरकन फिरते. ट्रॅक्टरवाल्या हाताला हा दुसरा टप्पा फार आवडतो. पक्क्या, सपाट जमिनीवर तो चालून जातो. काळ्या रानात नाही.

वळण एका झटक्यात घ्यायचं नाही. थोडं वळवा, हँडल सरळ करा, गाडीला अर्धी लांबी पुढे जाऊ द्या, पुन्हा थोडं वळवा. नव्वद अंशांचं वळण चार-पाच तुकड्यांत. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा, आणि वळताना पाय ॲक्सिलरेटरवर हलका का होईना ठेवायचा, म्हणजे वरचा ट्रॅक ताणलेला राहतो. हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ द्या. इतर सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा याने जास्त ट्रॅक वाचतात.

दुसरी सवय क्लचवर पाय ठेवून चालवण्याची. ट्रॅक्टरवर ती खपून जाते. इथे 14 टनांचं ओझं आहे, घसरता क्लच लवकर जळतो. पाय काढा आणि खाली टेकवा, हे शिकवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून म्हणत राहायचं.

तिसरी गोष्ट बांधाची. एका बाजूचा ट्रॅक बांधावर किंवा चारीच्या कडेवर आणि दुसरा खाली, अशा अवस्थेत गाडी कधीच वळवायची नाही. सगळं वजन खालच्या ट्रॅकवर तिरकं पडतं आणि दात बाहेर ढकलला जातो. बांध काटकोनात, सरळ, खालच्या गिअरमध्ये ओलांडायचा, दोन्ही ट्रॅक पलीकडे टेकले की मगच वळायचं.

काळी माती

तापी-पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन कापसाला आणि केळीला जितकी चांगली, तितकी ट्रॅकला वाईट. पावसाळ्यात ती स्प्रॉकेटच्या दातांत आणि रोडव्हीलच्या मधे थापून बसते. स्प्रॉकेटच्या दातांत गारा भरला की त्याचा घेर वाढल्यासारखा होतो आणि ट्रॅक प्रमाणाबाहेर ताणला जातो. ड्रायव्हरला गाडी जड लागते, मग कुणीतरी उतरून ट्रॅक सैल करतो. संध्याकाळी माती धुतली की तोच ट्रॅक लोंबकळायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतो. ‘आपोआप सैल होतो’ अशा तक्रारींमागे अनेकदा हेच निघतं. माती भरलेली असताना ताण बदलू नका. आधी माती काढा, मग मोजा.

वळताना ट्रॅक बाजूला मातीचा एक बांधच उभा करतो. तो रोडव्हील आणि ट्रॅकच्या फटीत शिरतो आणि दाताला खालून उचलतो. तुकड्यातुकड्याने वळण्याचं हे दुसरं कारण: मधल्या सरळ चालीत ती माती झडून जाते.

उन्हाळ्यात उलटं होतं. दिवसभराचा चिखल रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी विटेसारखा कडक होतो आणि मग तो पहारीने फोडावा लागतो. फोडताना पहार रोडव्हीलच्या रबरावर आणि सीलवर बसते. त्यामुळे साफसफाई त्याच संध्याकाळी, ओली असतानाच करायची. लाकडी खुरपणं सगळ्यात चांगलं. रबर कापलं जात नाही.

ताण मोजायची पद्धत

ताणाचा आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या आणि ड्रायव्हरच्या हॅचच्या आत रंगाने लिहून ठेवा. अंदाज करू नका, दुसऱ्या कंपनीतल्या गाडीचा आकडाही उचलू नका.

मोजण्याआधी गाडी पक्क्या सपाट जमिनीवर सरळ रेषेत, निदान तिच्या लांबीएवढी पुढे न्या आणि ब्रेक न लावता न्यूट्रलमध्ये आपोआप थांबू द्या. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. ब्रेक लावून थांबवलं की वरचा ट्रॅक सैल पडतो, माणूस त्याला ताणतो, आणि तो नंतर प्रत्यक्षात जास्त ताठ होऊन कड्या जोडणाऱ्या पिना खातो. गाडी थांबली की वरच्या दोन रोलरवरून सुतळी ताणून धरा, मधे ट्रॅक जिथे सगळ्यात जास्त लोंबतो तिथे स्टीलच्या पट्टीने सुतळीपासून अंतर घ्या. दोन्ही बाजू मोजा. डावी-उजवीत फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते, ड्रायव्हर ती सतत हँडलने सावरत बसतो आणि दिवसभर नकळत वळत राहतो.

नवा ट्रॅक किंवा नव्या पिना बसवल्या असतील तर पहिल्या 5-6 किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, कारण पिना बसतात आणि ढील येते. आयडलर मागे सरकवून सरकवून टोकाला पोचला असेल तर एक कडी काढायची. काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या कड्या मोजा आणि दर दहाव्या कडीवर खडूने खूण करा. हे काम दोघांनी करायचं, एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने उलट्या दिशेने पडताळायचं.

स्प्रॉकेटचे दात एका अंगाने झिजून आकड्यासारखे वाकले असतील तर नवा ट्रॅक टाकून पैसे वाया घालवू नका. झिजलेला दात नवीन पिनेलाही त्याच जागी खातो.

उतरायला लागलाय हे कळतं कसं

आवाज आधी बदलतो. एकसारख्या खडखडाटात एक वेगळा, लयीतला ‘टक... टक...’ सुरू होतो. तो दात चकतीच्या कडेवर आपटल्याचा असतो. ड्रायव्हरला कानटोपीमुळे आणि इंजिनशेजारी बसल्यामुळे तो उशिरा ऐकू येतो. मागे बसलेल्या जवानांना आधी ऐकू येतो, पण त्यांना हे कुणी शिकवलेलंच नसतं. मागच्या जवानांना हा आवाज काय असतो ते सांगून ठेवा आणि कमांडरला ‘रुक’ ओरडण्याचा अधिकार सगळ्यांना द्या.

थांबल्यावर लगेच रिव्हर्स घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. मागे जाताना ढील आयडलरकडे सरकते आणि अर्धा निघालेला ट्रॅक पूर्ण निघतो. इंजिन चालू, हँडल सरळ, एक माणूस खाली उतरून बघतो. दात नुसताच कडेवर चढला असेल तर माती काढून, सरळ पुढे, अगदी हळू, त्या माणसाच्या खुणेवर गाडी चालवली की अनेकदा तो पुन्हा खाचेत बसतो. ट्रॅक पूर्ण निघाला असेल तर ताण सोडा, पिन काढून ट्रॅक उघडा, गाडीसमोर सरळ पसरा, गाडी त्यावर चढवा, वरचं टोक दोराने ओढून रोलरवरून स्प्रॉकेटवर आणा आणि जोडा.

गाडीत यासाठी काय असायला हवं: घण, पिन ठोकायचा पंच, दोन लांब पहारी, ट्रॅक जोडायची पकड आणि तिचा बोल्ट, मजबूत दोर, जाड हातमोजे, चष्मे, लाकडी ठोकळे, सुट्या कड्या आणि पिना. चष्म्यांना कमी लेखू नका, घणाखालच्या पिनेची कड तुटून उडते. खुणा करणारा माणूस एकच. ड्रायव्हर फक्त त्याच्याकडे बघतो, कमांडर ओरडला तरी नाही. स्प्रॉकेट आणि ट्रॅक यांच्यामध्ये हात घालायचा नाही, इंजिन बंद असेल तरीही. उतारावर उभी गाडी थोडी सरकली तरी बोटं जातात.

गाडी तापते ती पंख्यामुळे नाही

बीएमपीला रेडिएटरचा पंखाच नाही. इंजिनचा धूर वेगाने बाहेर फेकला जातो आणि तोच रेडिएटरमधून हवा ओढतो. म्हणजे इंजिनचे फेरे कमी, तर हवाही कमी. ट्रॅक्टरवर वरच्या गिअरात, कमी फेऱ्यांवर ओढत डिझेल वाचवण्याची सवय असलेला ड्रायव्हर इथे चढावर नेमका तेच करतो आणि काटा लाल रेषेकडे जातो. गिअर खाली घ्या, फेरे वाढवा. थोडं डिझेल जास्त जाईल, पण इंजिन वाचेल.

तरीही तापत असेल तर रेडिएटरच्या जाळ्या बघा. कापसाचा पिंजलेला धागा, केळीची सुकी पानं आणि धूळ, तिन्ही मिळून जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. वरून झाडून तो आणखी आत जातो. दाबाच्या हवेने उलट दिशेने, म्हणजे हवा जिकडे जाते तिकडून फुंकायचा. पाणी टाकताना बोअरचं जड पाणी वापरू नका. त्याचे क्षार आतून पापुद्र्यासारखे बसतात आणि ते बाहेरून कधीच दिसत नाहीत. पुस्तकात सांगितलेलं कूलंटच वापरा. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एअर क्लीनरची एक तपासणी मात्र जरूर करा. क्लीनरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपच्या आत पांढऱ्या कपड्याने पुसा. कपडा पांढरा राहिला पाहिजे. मातकट रेघ उमटली तर धूळ जोडातून आत शिरते आहे. चोंदलेला फिल्टर काळा धूर काढून ओरडतो तरी, गळका जोड मुकाट्याने इंजिन खातो.

माणूस तापला तर

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात 45 अंशांचा पारा नवा नाही. बीएमपी-2 च्या मूळ रचनेत एसी नाही. अमेरिकी लष्कराच्या तक्त्याप्रमाणे डब्ल्यूबीजीटी (हवेची उष्णता, दमटपणा आणि ऊन एकत्र धरणारा आकडा) 32.2 अंशांच्या वर गेला की कष्टाच्या कामाला तासाला 10 मिनिटं काम, 50 मिनिटं विश्रांती. अंगावर चिलखत असेल तर आकड्यात आणखी 2.8 अंश मिळवायचे. हा आकडा स्वतः काढता येतो: ओल्या कापडातल्या थर्मामीटरचे 0.7, काळ्या गोळ्यातल्याचे 0.2, सावलीतल्या साध्याचे 0.1. समजा साधा 43, ओला 25, काळा गोळा 52 दाखवतो. 17.5 अधिक 10.4 अधिक 4.3, म्हणजे 32.2. नुसता 43 बघून ‘आपल्याला सवय आहे’ म्हणणाऱ्याला हे गणित करून दाखवा.

गावची सवय असली तरी ती गाडीतली नसते. बंद पोलादात काम करायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं वाढवत नेलं तर. पाणी तासाला एक लिटरच्या आसपास. तासाला दीड लिटरपर्यंत जाऊ देऊ नका आणि दिवसाला 11.4 लिटरांच्या वर नाही, कारण नुसतं पाणीच जास्त झालं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जीवघेणं असतं. ओआरएसची 20.5 ग्रॅमची पुडी एका लिटरमध्येच विरघळवायची, अर्ध्या ग्लासात नाही.

उष्माघाताची पहिली खूण इंटरकॉमवर ऐकू येते. माणूस आज्ञा परत म्हणताना चुकतो किंवा उत्तरच उशिरा देतो. दर पंधरा मिनिटांनी कमांडरने प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारावा: गिअर कुठला, तापमान किती, गोळे किती उरले. उत्तर विस्कळीत आलं की गाडी थांबवा, माणसाला सावलीत काढा, कपडे सैल करा, बर्फाचं पाणी ओता, ओले टॉवेल बदलत राहा, वारा घाला. आधी थंड करायचं, मग न्यायचं. आणि बेशुद्ध ड्रायव्हरला हॅचमधून काढायची तालीम आधीच करून ठेवा: टरेटची वीज बंद, टरेट लॉक, तोफेची नळी हॅचच्या आड येत नाही ना ते बघून, काखेखालून पट्टा. थंड सकाळी ही तालीम सोपी वाटते, म्हणून ती पूर्ण गणवेशात करा.

आज्ञा आणि कान

फौजेच्या आज्ञा हिंदीत असतात, घरी आपली अहिराणी. गडबडीत इंटरकॉमवर ‘बाएं’ आणि ‘दाएं’ सारखेच ऐकू येतात. ड्रायव्हरने प्रत्येक आज्ञा परत म्हणायची आणि मगच हँडल हलवायचं. तोफ चालवताना 30 मिमी गनचा धूर टरेटमध्ये राहतो, म्हणून पहिल्या फैरीच्या आधीच पंखा सुरू करायचा, डोळे चुरचुरायला लागल्यावर नाही.

गावात याची तयारी ट्रॉलीवर करता येते. मागे एक मुलगा फक्त हाताच्या खुणांनी सांगतो आणि ट्रॅक्टरवाला ट्रॉली दोन बांबूंच्या मधून रिव्हर्स नेतो, स्वतः मागे वळून न बघता फक्त आरशातून खुणा बघत. दुसऱ्याच्या नजरेवर गाडी चालवायची सवय अशीच लागते. मोकळ्या खळ्यावर, आजूबाजूला लहान पोरं नसताना, सर्वात खालच्या गिअरमध्येच.

तीच बाजू, तोच ट्रॅक: शेवटची तपासणी

प्रत्येक गाडीला एक वही ठेवा. ट्रॅक उतरला की त्याच दिवशी लिहा: कुठली बाजू, आत उतरला की बाहेर, पुढे जाताना की रिव्हर्समध्ये, ब्रेक होता का, जमीन कशी, ड्रायव्हर कोण, सकाळचा ताण किती. पाच-सहा नोंदींत चित्र उघडं पडतं. एकाच ड्रायव्हरच्या हातून उतरतो तर त्याला पुन्हा वळणांच्या सरावाला बसवा. वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या हातून एकाच बाजूचा उतरतो तर गाडीच दोषी आहे. 20 मिनिटं चालवून थांबा आणि सहाही रोडव्हीलच्या हबवर हात लावत किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवत जा. शेजाऱ्यांपेक्षा एकच हब खूप गरम असेल तर आतलं बेअरिंग गेलंय. मग सपाट जमिनीवर प्रत्येक हबच्या मध्यापासून गाडीच्या कडेपर्यंत उंची मोजा. एखाद्या ठिकाणी गाडी बसलेली दिसली तर त्या रोडव्हीलखाली पहार घालून ते उचला. सहज वर आलं तर तिथला टॉर्शन बार, म्हणजे रोडव्हीलला स्प्रिंगसारखा पेलणारा दांडा, तुटलाय. तो बदलेपर्यंत ट्रॅकला कितीही ताण दिला तरी तो त्याच जागी उतरणार.